नृत्यस्पर्धेचा जमाखर्च

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची व्याख्याने झाली. मी विद्वान नाही. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात एकतीस वर्षे दिवाणजी म्हणून मी वह्या लिहिल्या, एवढाच माझा अधिकार. तरीही विश्वस्त मंडळाने मला येथे उभे केले आहे, त्यामागे एक कारण आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात मुला-मुलींसाठी मोठी आंतरजिल्हा नृत्यस्पर्धा भरवावी, असा विचार मंडळासमोर आहे. ज्या घराने ही वाट चालून पाहिली आहे, त्या घरातील कोणी तरी आधी दोन शब्द सांगावेत, अशी अध्यक्षांची सूचना झाली. माझी कन्या वयाच्या सहाव्या वर्षापासून नाचत होती आणि आठव्या वर्षापासून स्पर्धेत उतरत होती. त्या वर्षांची वही माझ्यापाशी आहे. ती आज आपल्यासमोर उघडतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी नृत्याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. आपल्या परंपरेत भगवान ऋषभदेवांनी लोकांना ज्या बहात्तर कला शिकविल्या असे सांगितले जाते, त्यांत नृत्यही आहे. आपला परिसर तर संगीताचे माहेरघर. येथून जवळच्या कुरुंदवाडला जन्मलेल्या आणि मिरजेत शिकलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि घरंदाज मुलामुलींना संगीत शिकण्याचा मार्ग मोकळा केला. त्याच परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना आज कथक आणि भरतनाट्यम्‌ शिकणारी आपली मुले बसतात. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती संस्था सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातील मुलीने पायांत घुंगरू बांधावेत ही कल्पनाच अनेकांना रुचत नव्हती. आज आपल्या मुली निःशंकपणे नृत्य शिकतात, त्यामागे त्या पिढीने सोसलेली टीका आहे.

स्पर्धाही काही नवी नाही. मॅडम मेनका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लीला सोखी यांचे नृत्यपथक १९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत उतरले होते आणि तेथे त्याने पारितोषिके मिळविली होती. पुढे त्यांनी आपल्या खंडाळ्याला नृत्यविद्यालय काढले. मात्र त्या पथकातील कलावंत जाणते होते, व्यवसाय म्हणून नाचणारे होते. आज आपण ज्या स्पर्धेबद्दल बोलतो आहोत, तिच्यात उतरणारे मूल सात-आठ वर्षांचे असते आणि त्याच्या वतीने सारे निर्णय आपण मोठी माणसे घेत असतो. म्हणूनच या विषयाचा हिशेब मुलांकडे न मागता पालकांकडे मागितला पाहिजे.

वहीत लिहिलेला खर्च

२००६ साली कन्येला वर्गात घातले तेव्हा फी दरमहा दीडशे रुपये होती. एवढी रक्कम म्हणजे काही विशेष नव्हे, असे आम्हा उभयतांना वाटले. दोन वर्षांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचे नृत्य पाहून बाईंनी तिला स्पर्धेच्या गटात घेतले. तेथून वहीची पाने भरभर भरू लागली.

उदाहरणादाखल २०१२-१३ या एका वर्षाचा हिशेब वाचून दाखवितो. वर्गाची फी साडेचार हजार. नऊ स्पर्धांचे प्रवेशशुल्क साडेचार हजार. नृत्य बसवून देण्याचे वेगळे पैसे तीन हजार. पोशाख, दागिने आणि रंगभूषा यांचे मिळून आठ हजार. पुणे, कोल्हापूर, सोलापूर, मुंबई असा प्रवास आणि मुक्काम नऊ हजार. छायाचित्रे, चित्रफिती आणि गाण्याची सीडी कापून घेणे, दोन हजार. एकूण एकतीस हजार रुपये. त्या वेळी माझा पगार साडेनऊ हजार होता. म्हणजे वर्षातील सव्वातीन महिने मी केवळ नृत्यासाठी वह्या लिहीत होतो.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्यासाठी मुलीला घातले त्या शिक्षणाची फी एकूण खर्चाच्या सातव्या हिश्शाहून थोडी अधिक भरते. बाकी सारा खर्च शिकण्यावर नसून दाखविण्यावर झालेला आहे. व्यापारी मंडळी समोर बसली आहेत म्हणून त्यांच्या भाषेत सांगतो : मालाच्या किमतीपेक्षा वाहतूक आणि वेष्टन सहापट महाग पडले, तर असा सौदा आपण पेढीवर एक दिवसही चालू ठेवला नसता. घरी मात्र आम्ही तो अनेक वर्षे चालू ठेवला.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. ही व्यवस्था कशी चालते ते समजून घेतले म्हणजे पुरे. खाजगी स्पर्धा बहुधा प्रवेशशुल्कावर चालते. सभागृहाचे भाडे, ध्वनियोजना, परीक्षकांचे मानधन आणि चषक हे सारे त्यातूनच निघते. साहजिकच जितके स्पर्धक अधिक तितके आयोजकाला बरे. म्हणून एकल, युगल, समूह असे प्रकार वाढतात, वयोगट वाढतात आणि बक्षिसेही वाढतात. इकडे वर्ग चालविणाऱ्या शिक्षिकेला जागेचे भाडे भरायचे असते. तिच्या वर्गाची कीर्ती चषकांच्या रांगेवरून ठरते, म्हणून तिलाही मुले स्पर्धेत उतरवावी लागतात. आणि पालकांचे म्हणाल, तर एवढा खर्च झालाच आहे, आता मागे कसे फिरायचे, या एका विचाराने आपण पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरतो. तिघांपैकी कोणीही वाईट नाही. तरीसुद्धा त्या तिघांच्या मध्ये उभे असलेले मूल पळतच राहते.

वहीत न आलेला खर्च

आता ज्याची नोंद मी केली नाही, किंवा खोटी केली, त्याविषयी सांगतो. हे सांगताना संकोच वाटतो; पण आज सांगितले नाही तर या वहीचा काही उपयोग नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या स्पर्धा लागोपाठ आल्या. हाताशी पैसे नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी दोन बांगड्या काढून दिल्या आणि मी त्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. त्या सोडवायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांचे व्याज मी वहीत कोणत्या खात्यावर लिहिले असेल? किरकोळ खर्च. एकतीस वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर पैशाचाही फरक न ठेवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरची वही लपवून लिहिली. कन्येला ही गोष्ट फार नंतर कळली. "मला तेव्हाच सांगितलं असतंत तर मी गेलेच नसते," असे ती म्हणाली. तिला सांगितले नाही, कारण ती गेली नसती हे आम्हालाही ठाऊक होते.

दुसरा खर्च तिच्या आईच्या वेळेचा. वर्गात सोडणे, आणणे, पोशाखाला टिकल्या लावणे, परगावी सोबत जाणे. ती शिवणकाम करीत असे. स्पर्धेच्या हंगामात बाहेरचे कपडे घेणे बंद होई. ती न आलेली मिळकत कोणत्याच वहीत दिसत नाही. आपल्या समाजात सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम अनेक घरे पाळतात. पण सायंकाळी पाचला लागणारा आपला क्रमांक रात्री साडेनऊला लागला, तर मुलाला काय खाऊ घालायचे आणि केव्हा? पडद्यामागे बसून, रंगलेल्या ओठांनी, पोशाखावर सांडू नये म्हणून मान पुढे काढून चिवडा खाणारी मुले मी पाहिली आहेत.

तिसरा खर्च धाकट्या चिरंजीवांचा. तो दोन वर्षांनी लहान. प्रत्येक स्पर्धेला त्याला सोबत न्यावेच लागे, कारण घरी ठेवणार कोणाजवळ? पोशाखाच्या पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून तो गृहपाठ करी. त्याला पोहण्याच्या वर्गाला जायचे होते. पुढच्या वर्षी बघू, असे आम्ही तीन उन्हाळे म्हणालो. एके दिवशी बहिणीच्या चषकाला शेजारपाजारचे लोक हात लावून पाहत असताना तो आईला म्हणाला, "आई, आपल्या घरात माझा नंबर कधी?" तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी हसण्यावारी नेले. त्याची आई हसली नाही.

पुण्याची ती संध्याकाळ

आता ज्या प्रसंगाने आमची वाट बदलली तो प्रसंग. जानेवारी २०१३. पुण्यात समूहनृत्याची स्पर्धा होती. बारा मुलींचा गट होता. माझ्या कन्येची टाच महिनाभर दुखत होती. सराव शहाबादी फरशीवर चाले, उड्या बऱ्याच होत्या. तिने दुखणे लपविले होते, कारण समूहनृत्यात एक मुलगी गळाली की अकरा जणींची मेहनत वाया जाते, असे तिला रोज ऐकविले जाई. स्पर्धेच्या सकाळी तिला पाय टेकवेना.

शिक्षिकेने तासाभरात मार्ग काढला. वर्गातील दुसरी एक मुलगी प्रेक्षक म्हणून आली होती, तिला नृत्य ठाऊक होते. माझ्या मुलीच्या अंगावरचा पोशाख उतरवून तिला चढविला, पाठीमागे पिना लावल्या. नृत्य झाले. गटाला दुसरा क्रमांक मिळाला. छायाचित्र निघाले, पेढे वाटले गेले. माझी मुलगी पडद्याच्या कडेला खुर्चीवर बसून होती. रात्री एसटीत ती बराच वेळ गप्प होती. कऱ्हाड मागे पडल्यावर म्हणाली, "बाबा, मी नव्हते हे कुणाला कळलंच नाही."

आदिपुराणातील नीलांजनेची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नृत्य करीत असता मध्येच तिचे आयुष्य संपले. रंगाचा भंग होऊ नये म्हणून इंद्राने त्याच क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी नर्तकी उभी केली. ताल चुकला नाही, सभेला काही समजले नाही. फक्त ऋषभदेवांना समजले, आणि त्यांचे मन संसारावरून उडाले. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेल्या एका प्राचीन शिल्पपटात हाच प्रसंग कोरलेला आहे, असे अभ्यासक मानतात. लहानपणापासून ही कथा मी वैराग्याची कथा म्हणून ऐकत आलो होतो. त्या रात्री एसटीच्या खिडकीशी बसून मला ती वेगळीच उमगली. सभेत एवढे लोक असूनही पाहणारा एकच होता. स्पर्धेच्या सभागृहात बाराच्या बारा जणी दिसत होत्या, म्हणून सर्वांना सारे ठीक दिसत होते. माझे मूल त्या बारात नाही, हे पाहणे परीक्षकांचे काम नव्हते, आयोजकांचेही नव्हते. ते माझे काम होते. आणि खरे सांगायचे तर निकाल लागला तेव्हा मीसुद्धा टाळ्या वाजविल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की वाढीच्या वयात टाचेचे हाड पुरते पक्के झालेले नसते. पोटरीच्या स्नायूची दोरी त्यावर सतत ओढ देत राहिली की तेथे सूज येते. विश्रांती हेच औषध. तिला सहा आठवडे उड्या बंद झाल्या. मुलाच्या शरीराला आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी, हेही तेव्हाच कळले. तोवर आम्ही रविवारी दुप्पट सराव करून घेत होतो.

दूरचित्रवाणीचे वेड आणि कायद्याचे म्हणणे

या साऱ्याला दूरचित्रवाणीने खतपाणी घातले, हे मान्य केले पाहिजे. १९९६ मध्ये सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झाले, २००९ मध्ये झी वाहिनीवर 'डान्स इंडिया डान्स' आले, २०१० मध्ये त्याचाच लहान मुलांचा कार्यक्रम आला. गावोगावच्या स्पर्धांनी तोच थाट उचलला : तसेच परीक्षक, तीच बाद होण्याची धाकधूक, तेच रडू. कॅमेऱ्यासमोर मूल रडले तर कार्यक्रम रंगतो. त्या मुलाच्या घरी ते रडणे किती दिवस चालते ते कोणी दाखवीत नाही.

शासनाने याची दखल घेतलेली आहे आणि ती पालकांना ठाऊक असावी. बालकामगारविषयक २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक घेता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक घेता येत नाही. त्याच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करावी लागते. जून २०१९ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली की, नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांना त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या, अश्लील ठरतील अशा हालचाली करावयास लावू नयेत.

हे नियम चित्रपट-दूरचित्रवाणीसारख्या व्यवसायासाठी आहेत. गल्लीतील वर्गात चालणाऱ्या सरावाला पाच तासांची मर्यादा घालायला कोणी अधिकारी येणार नाही. तेथे नियम करणारे आपणच आणि पाळणारेही आपणच.

जमेची बाजू

आता जमेची बाजू. ती सांगितली नाही तर वही एकांगी होईल.

पुण्याहून आल्यावर आम्ही वर्षभर स्पर्धा बंद ठेवल्या. वर्ग मात्र चालू ठेवला. मुलीला नृत्य हवे आहे की चषक, हे आम्हाला पाहायचे होते, आणि तिलाही. पहिले दोन महिने ती उदास होती. तिसऱ्या महिन्यात एके पहाटे माडीवरून पायांचा आवाज आला. ना स्पर्धा जवळ, ना परीक्षा, ना कोणी पाहणारे. ती एकटीच ततकार करीत होती. मी जिन्यात उभा राहून ऐकले आणि खाली आलो. त्या दिवशी वहीत लिहिण्यासारखे काही नव्हते. पण इतक्या वर्षांत मुद्दल म्हणावे असे जे काही जमा झाले होते, ते मला त्या पहाटे प्रथमच ऐकू आले.

पुढे ती गांधर्वच्या परीक्षा देत राहिली. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या आहेत. ती पाचवीपर्यंत, म्हणजे मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचली. परीक्षा आणि स्पर्धा यांतील भेद मला तेव्हा कळला. परीक्षेत मूल अभ्यासक्रमाशी मोजले जाते. शेजारणीला अधिक गुण मिळाले म्हणून आपले कमी होत नाहीत. राज्य शासनाने २०१७ मध्ये शास्त्रीय कला आणि लोककला जोपासणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दहावीला अतिरिक्त गुणांची तरतूद केली, हे चांगलेच झाले. फक्त त्या गुणांसाठीच मुले वर्गात घातली जाऊ नयेत, एवढीच अपेक्षा.

स्पर्धेनेही तिला काही दिलेच. चुकल्यावर न थांबता पुढच्या समेवर पुन्हा उभे राहणे, हे तिला व्यासपीठानेच शिकविले. परक्या गावी बारा मुलींनी एका डब्यातून जेवणे, हरल्यावर जिंकणाऱ्या गटाचे अभिनंदन करणे, हजार माणसांसमोर मान ताठ ठेवणे, हेही तेथलेच. आज ती पुण्यात नोकरी करते. तेथे कार्यालयात सर्वांसमोर बोलण्याची वेळ आली की तिला भीती वाटत नाही, असे ती सांगते. तेव्हा स्पर्धा ही सर्वथा त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. मीठ जेवणाला हवेच. आम्ही मिठाचेच जेवण केले, ही आमची चूक.

सर्वांत मोठी जमा मात्र वेगळीच आहे. स्पर्धा थांबल्या त्या उन्हाळ्यात चिरंजीव पोहायला शिकले. त्यात त्याने कधी क्रमांक मिळविला नाही, आणि त्याला तो नकोही होता. त्याला पाण्यात उतरायचे होते.

पालकांना आणि ट्रस्टला विनंती

पालकांनो, आपण पाडव्याला नव्या वहीचे पूजन करतो. त्याच दिवशी घरातील सर्वांनी बसून तीन आकडे ठरवावेत : या वर्षी नृत्यावर किती रुपये, वर्षात किती स्पर्धा आणि आठवड्यात किती तास. आपल्याकडे परिग्रहाला परिमाण घालण्याची शिकवण आहे. ती केवळ सोन्यानाण्यांपुरती का असावी? बक्षिसांनाही परिमाण असू शकते. बैठकीत धाकट्या भावंडालाही बोलू द्यावे. खर्चासाठी काही गहाण ठेवण्याची वेळ आली तर ते मुलापासून लपवू नये आणि शक्यतो ठेवूच नये. मुलाला वर्षातून एकदा एकटे गाठून विचारावे की, स्पर्धा नसती तर तू नाचला असतास का? उत्तर आले नाही तर तेही उत्तरच समजावे.

आता विश्वस्त मंडळास नम्र विनंती. स्पर्धा अवश्य भरवावी. परंतु आपली स्पर्धा इतरांहून वेगळी असावी. प्रवेशशुल्क नसावे. पोशाख साधा सुती असावा, त्याला खर्चाची मर्यादा असावी. रेशीम नको, आणि घुंगरू कातडी पट्ट्यावर न ओवता सुती दोरीवर ओवलेले असावेत, हे आपल्या घरांना सांगण्याची आवश्यकता नाही. कार्यक्रम दुपारी सुरू होऊन दिवस मावळण्यापूर्वी संपावा आणि मुले वेळेवर जेवावीत. गाणे आणि हालचाल वयाला साजेशी असावी. व्यासपीठावर कोणासही बाद घोषित करू नये. परीक्षकांनी प्रत्येक मुलासाठी दोन ओळींचा अभिप्राय लिहून द्यावा. तो चषकापेक्षा अधिक वर्षे टिकतो. शिक्षकांचा सत्कार चषकांच्या संख्येवरून न करता त्यांच्याकडे किती मुले किती वर्षे शिकत राहिली यावरून करावा.

आणखी एक. रोख बक्षिसांऐवजी गरजू मुलांची वर्षभराची शिकवणीची फी ट्रस्टने भरावी. केंद्र शासनाच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्रातर्फे दहा ते चौदा वयाच्या मुलांना पारंपरिक कला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळते. तिचे अर्ज भरून देण्याचे काम जरी आपल्या कार्यालयाने केले तरी मोठे काम होईल.

आणि शेवटचा नियम, जो माझ्या घरासाठी उशिरा आला. समूहातील एखादे मूल आजारपणामुळे उतरू शकले नाही, तर नृत्यापूर्वी त्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून घ्यावे. हे मूल या गटाचे आहे, त्याने सराव केला आहे, आज ते बसून पाहत आहे, असे सभेला सांगावे. याला एक पैसा खर्च येत नाही.

माझी वही येथे मिटतो. ज्यांच्या बांगड्यांचे व्याज मी किरकोळात लिहिले होते, त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि बांगड्या आता त्यांच्या हातात आहेत. ती नोंद मी परवा तांबड्या शाईने दुरुस्त केली. आपल्या स्पर्धेच्या दिवशी मीही येथे येईन, टाळ्याही वाजवीन. फक्त त्यापूर्वी मुले मोजून घेईन.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा मागतो.

जय जिनेंद्र.